शेंडा खुडायला घाबरू नका: एका खोडाचं झाड भरगच्च कसं करायचं

परवा आमच्या बिल्डिंगमधली खालच्या मजल्यावरची मुलगी टेरेसवर आली आणि माझ्या कढीपत्त्याकडे बघून म्हणाली, काकू, तुमचा असा झुडपासारखा आणि माझा नुसता काठीसारखा वर चाललाय, खत काय घालता तुम्ही? मी म्हटलं, अगं खत तेच, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, फरक एवढाच की फोडणीला तू पानं ओरबाडतेस आणि मी शेंडा खुडते. तिला काही पटेना. शेंडा तोडला तर झाड वाढायचं थांबेल ना, असं तिचं म्हणणं, आणि हे म्हणणं मी इतक्या जणींकडून ऐकलंय की म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि बागेत बगलफुटी, म्हणजे पानांच्या बगलेतून येणारे कोंब, काढायला जायचं, हे आमचं रोजचं. आबा, म्हणजे माझे वडील, नवीन बाईमाणसाला काम शिकवताना एकच सांगायचे, आधी पानाच्या बगलेत बघ आणि मग हात लाव. आता नाशकात फ्लॅटमध्ये राहते, बाग नाही, टेरेसवर तीसेक कुंड्या आहेत, पण काम तेच आहे.

तर पहिलं काम हेच, कात्री बाजूला ठेवा आणि झाडाजवळ जाऊन बगल बघा. पान खोडाला जिथे चिकटतं तिथे वरच्या बाजूला जो बेचका होतो त्यात तांदळाच्या कणीएवढा, कधी मोहरीएवढा फुगवटा दिसेल, तो डोळा. झाडाच्या टोकाला वाढणारा एक इवलासा भाग असतो, तो एकामागून एक पान काढत वर सरकतो आणि प्रत्येक पानाबरोबर त्याच्या बगलेत एक डोळा ठेवून जातो. म्हणजे झाडाला जेवढी पानं तेवढ्या फांद्या त्याच्याकडे आधीच तयार असतात, फक्त झोपलेल्या. पान गळून गेलं तरी तिथे वण राहतो आणि वणाच्या वर डोळा असतोच, म्हणून खालून बोडकं झालेलं खोडसुद्धा कापल्यावर फुटतं.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. कढीपत्ता, गुलाब, शेवगा, टोमॅटो यांचं जे छोटं छोटं पान आपण पान म्हणतो ते खरं पान नाहीच, ती पर्णिका. कढीपत्त्याची अख्खी काडी, जिच्यावर दहा-पंधरा पर्णिका असतात, ती सगळी मिळून एक पान. डोळा त्या काडीच्या बुडाशी खोडाला लागून असतो, पर्णिकेच्या बगलेत कधीच नसतो. त्यामुळे कोणी कढीपत्त्याची काडी मधोमध तोडून तिथे फांदी येईल म्हणून वाट बघत असेल तर ती येणार नाही. आणि काडी खाली खेचून ओरबाडली की बुडाशी साल निघते आणि सालीबरोबर डोळाही जातो, म्हणजे जिथून फांदी यायची तीच जागा मेली. खालच्या मजल्यावरच्या कढीपत्त्याचं नेमकं हेच झालं होतं, तीन वर्षं रोज चार काड्या ओढून काढल्या आणि खालचे डोळे बरेचसे गेले.

मग हे डोळे झोपलेले का असतात? टोकाला जो शेंडा आहे तो ऑक्सिन नावाचं द्रव्य बनवतो आणि ते खोडातून सतत खाली वाहत असतं. ते वाहतंय तोवर खालच्या डोळ्यांना निरोप मिळत राहतो की वर मालक जागा आहे, तुम्ही थांबा. १९३३ मध्ये केनेथ थिमान आणि फोल्के स्कूग या दोघांनी बाकल्याच्या रोपावर हे करून दाखवलं. शेंडा कापला की बाजूचे डोळे फुटायचे, पण कापलेल्या जागी ऑक्सिन लावून ठेवलं की डोळे झोपलेलेच राहायचे. नुसत्या ऑक्सिनवर सगळं भागत नाही हे पुढे कळत गेलं. मुळांकडून सायटोकायनिन नावाचं दुसरं द्रव्य वर येतं आणि ते डोळ्यांना उठवतं, स्ट्रिगोलॅक्टोन नावाचं तिसरं उलट दाबून ठेवतं आणि त्याचं हे काम २००८ मध्ये समोर आलं. २०१४ मध्ये वाटाण्यावर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की शेंडा गेल्यावर पहिली हालचाल साखरेमुळे होते, जी साखर शेंडा एकटा ओढून घेत होता ती काही तासांत खालच्या डोळ्यांपर्यंत पोचते आणि ते जागे व्हायला लागतात.

हे सगळं सांगायचं कारण असं की यातून हाताला काय करायचं ते कळतं. शेंडा गेला की झाड थांबत नाही, त्याची ताकद वाटली जाते. सगळ्यात जास्त ताकद कापलेल्या जागेच्या लगेच खालच्या एक-दोन-तीन डोळ्यांना मिळते, तळाच्या डोळ्यांना फार कमी. म्हणून जिथे फांद्या हव्यात त्याच्या थोडं वर कापायचं. पाच फुटांच्या काठीचा नुसता वरचा दोन इंच शेंडा खुडला तर फांद्या पाच फुटांवरच येणार, खाली काठी ती काठीच राहणार, आणि मग लोक म्हणतात खुडून काही उपयोग झाला नाही.

खुडण्याआधी दोन गोष्टी बघा. एक म्हणजे झाडात दम आहे का. कमीत कमी पाच-सहा चांगली पानं झालेली असावीत आणि मुळं कुंडीत बसलेली असावीत. नर्सरीतून आणलं आणि त्याच दिवशी खुडलं असं नको, मखमलाबादच्या बाजूला किंवा गंगापूर रोडला नर्सरीत रोपं शेडनेटखाली असतात, तिथून आपल्या टेरेसच्या उन्हात आल्यावर त्यांना पंधरा दिवस तरी सवय होऊ द्या. दुसरं म्हणजे ऊन. सावलीतलं झाड उजेडाकडे धावतं, पेरं लांब होतात, खोड बारीक होतं आणि डोळे उठत नाहीत. शेजारच्या पानांमधून गाळून आलेला उजेड झाडाला ओळखता येतो आणि ते ठरवतं की आता फांद्या नको, आधी वर जाऊ. म्हणून उत्तरेच्या गॅलरीत ठेवलेलं झाड कितीही खुडा, ते पुन्हा एकच लांब फूट काढणार. आधी पाच-सहा तास उन्हाची जागा द्या, मग कात्री.

वेळ आपल्या नाशकाच्या हवेप्रमाणे धरायची. जून-जुलैत पहिले दोन-तीन पाऊस होऊन गेले की, नाहीतर पाऊस सरल्यावर सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, नाहीतर थंडी ओसरल्यावर फेब्रुवारीत. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा कधी कधी पाच अंशांच्या खाली जातो, शहरात तेवढं नसतं पण झाडं गारठलेलीच असतात, तेव्हा कापलं तर डोळा महिना महिना हलत नाही. आणि मे महिन्यात मोठी छाटणी अजिबात नको, वरची पानं गेली की सावलीत वाढलेली साल उन्हात भाजते आणि तडकते.

कापायचं कसं? कोवळा हिरवा शेंडा असेल तर नखाने खुडला तरी चालतो, आम्ही बागेत नखानेच खुडायचो, संध्याकाळी अंगठा काळा झालेला असायचा. काडी पेन्सिलीएवढी असेल तर धारदार कात्री हवी, बोथट कात्रीने काडी चेचते आणि चेचलेल्या जागेपासून वाळत खाली येते. डोळ्याच्या साधारण पाव इंच वर कापा. फार वर ठेवलं तर ते ठुटूक वाळतं आणि कुजतं, डोळ्याला अगदी चिकटून कापलं तर डोळाच सुकतो. काप तिरका घ्यायचा, उतार डोळ्याच्या उलट बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही. आणि कुठल्या दिशेच्या डोळ्यावर कापताय ते बघा, कारण फांदी त्याच दिशेला जाणार. आत, खोडाकडे बघणारा डोळा ठेवला तर फांदी आत शिरून गर्दी करते, म्हणून बाहेर बघणारा निवडायचा. कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या, एवढा कंटाळा करू नका.

बोटाएवढी जाड फांदी कापली असेल तर जखमेवर बोर्डो पेस्ट लावा, पावसाळ्यात तर नक्कीच. शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना आणि एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवायचं आणि मग एकत्र करायचं, लोखंडी बादली वापरायची नाही. घरी एवढं लागत नाही, दहा-दहा ग्रॅम आणि शंभर मिली पाणी पुरतं. केलं की त्याच दिवशी वापरून टाका.

कापल्यावर पाणी कमी करा, ही गोष्ट कोणी सांगत नाही आणि त्यात झाडं मरतात. पानं कमी झाली म्हणजे झाडाची तहान कमी झाली, आपण मात्र प्रेमाने रोज तांब्याभर ओततो आणि मुळं कुजतात. वरचा इंचभर थर सुकला की मगच पाणी. खतसुद्धा लगेच नको, नवीन फुटी बोटाच्या पेराएवढ्या झाल्या की मग. हवा चांगली असेल तर आठ-दहा दिवसांत डोळे फुगलेले दिसतात, कढीपत्त्याला आणि आंब्याला तीन आठवडेही लागतात, तेवढा धीर धरा.

फुटी आल्या की पुढचं काम विरळणी, आणि इथे बऱ्याच जणींचा हात धजावत नाही. चार-पाच फुटी एकाच जागेवरून आल्या तर सगळ्या ठेवायच्या नाहीत. खोडाभोवती वेगवेगळ्या दिशेला जाणाऱ्या, एकमेकींपासून थोड्या वर-खाली असलेल्या तीन-चार ठेवा, बाकीच्या कोवळ्या असतानाच काढून टाका. फांदी खोडाला चिकटून उभी, अगदी अरुंद कोन करून वर जात असेल तर ती पुढे वजनाने फाटते, कारण दोघांच्या मधे साल अडकून जोड कच्चा राहतो. अवकाळी वाऱ्यात सगळ्यात आधी अशाच फांद्या चिरतात. कोवळी असताना कपड्याचा चिमटा खोड आणि फांदीच्या मधे अडकवून ठेवला की महिन्याभरात ती पसरते आणि तशीच पक्की होते.

आता एकेक झाडाचं सांगते, कारण सगळ्यांना एकच नियम लावला की गडबड होते.

तुळशीला पानं समोरासमोर जोडीने असतात, म्हणून एक शेंडा खुडला की दोन फांद्या हमखास. तिसऱ्या-चौथ्या जोडीच्या वर पहिल्यांदा खुडा, त्या दोन फांद्यांना तीन-तीन जोड्या आल्या की परत खुडा, दोनाच्या चार आणि चाराच्या आठ, दोन-अडीच महिन्यांत वृंदावन भरून जातं. मंजिरी आली की लगेच काढा, कारण मंजिरी म्हणजे त्या फांदीच्या शेंड्याचंच फूल झालेलं असतं, ती फांदी तिथून पुढे लांब होणार नाही आणि बी धरलं की झाड म्हातारं व्हायला लागतं. आमच्याकडे रविवारी आणि द्वादशीला तुळस तोडत नाहीत, तुमच्याकडे पाळत असतील तर तो दिवस सोडून करा, एका दिवसाने काही बिघडत नाही. बियांसाठी एखाद-दोन मंजिऱ्या मात्र ठेवा.

कढीपत्ता दोन-अडीच फूट झाला की साधारण मधोमध कापा, हो, बिनधास्त. पाच-सहा फुटी येतील, त्यातल्या चार ठेवा. नंतर फोडणीला पानं लागली की फांदीचा शेंडा दोन-तीन काड्यांसकट कात्रीने कापून घ्या, म्हणजे स्वयंपाकाचं आणि छाटणीचं काम एकदमच होतं. मुळापासून वेगळे कोंब येतात ते सगळे नका ठेवू, ताकद खातात.

गुलाबाचं बोलायचं तर नाशकाला मुघलांच्या काळात गुलशनाबाद म्हणायचे, आणि इथली थंडी गुलाबाला मानवतेच. फूल सुकलं की नुसतं फूल तोडू नका, त्याच्या खाली तीन पर्णिकांची पानं असतात ती सोडून पहिल्या पाच पर्णिकांच्या पानापर्यंत या, ते बाहेरच्या बाजूला बघत असेल तर त्याच्या वर कापा. वरचे डोळे दुबळे असतात, त्यातून काडीही बारीक येते. मोठी छाटणी ऑक्टोबरमध्ये, पाऊस पूर्ण थांबल्यावर, मग साधारण दीड-दोन महिन्यांनी भरपूर फुलं. आणि डोळा भरलेल्या, म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा बसवून केलेल्या, गुलाबाच्या जोडाखालून जी फूट येते ती त्या जंगली खुंटाची असते, खूप जोमाने वाढते, बघायला छान वाटते, पण ती ठेवली तर वर्षभरात वरचा चांगला गुलाब जातो. माती बाजूला करून ती जिथून निघालीय तिथूनच उपटून काढा, कापली तर परत चार फुटणार.

मिरचीला सहसा शेंडा खुडायची गरज नसते. तिचं खोड आठ-दहा पानांनंतर स्वतःच पहिल्या कळीत संपतं आणि तिथे इंग्रजी वाय सारखे दोन फाटे होतात, मग त्या प्रत्येकाचे परत दोन. तुम्ही फक्त वायच्या खाली ज्या बारीक फुटी येतात त्या काढा आणि ती पहिली कळीही काढून टाकली तर झाड आधी मोठं होतं.

टोमॅटोचं उलटं आहे, तिथे आपल्याला फांद्या नको असतात. नाशिकजवळच्या गिरणारे गावाकडे टोमॅटोची शेतं बघितली असतील, बांबू, तार आणि सुतळीवर झाडं चढवलेली. उंच वाढणाऱ्या जातीला कुंडीत एक किंवा फार तर दोन खोडं ठेवा आणि प्रत्येक बगलेतून येणारी फूट दोन इंचाची असतानाच सकाळी हाताने मोडून काढा, दर चार दिवसांनी एक फेरी. मोठी झाल्यावर काढली तर जखम मोठी होते. बुटकी जात असेल तर काहीच काढू नका, तिच्या फांद्या आपोआप थांबतात आणि फळ त्यांच्यावरच असतं, त्या काढल्या तर टोमॅटो कुठून येणार. म्हणून बी घेताना पाकिटावर जात कुठली ते बघून घ्या.

झेंडूला चार-पाच जोड्या झाल्या की एकदा खुडा, लावणीनंतर साधारण महिन्याने. फुलं संख्येने वाढतात, पण खुडल्याने फुलायला थोडे दिवस उशीर होतो, दसऱ्याला हवी असतील तर ते दिवस हिशोबात धरा. शेवंतीचंही असंच. शेवगा तीन फुटांवर कापलाच पाहिजे, नाहीतर तो दोन मजले वर जातो आणि शेंगा कावळ्यांना.

कोथिंबिरीला सुरुवातीला खोड दिसतच नाही, वाढीची जागा जमिनीलगत पानांच्या मधोमध असते, म्हणून मधला गाभा सोडून बाहेरची पानं कापा, ती परत येत राहते.

आता द्राक्षाबद्दल, कारण एका खोडातून झाड कसं उभं करायचं हे मी तिथेच शिकले, आणि ज्यांच्या टेरेसवर किंवा अंगणात एखादा वेल आहे त्यांना हे जसंच्या तसं करता येईल. आपल्याकडे आधी डॉगरिजसारखा खुंट, म्हणजे मुळांसाठीचा काटक वेल, लावतात, त्यावर थॉमसन किंवा जी जात हवी तिचं कलम, मग थंडी सरता सरता रिकट. रिकट म्हणजे कलमाच्या वर थोडे डोळे ठेवून सगळं कापून टाकायचं. नवख्या माणसाला बघवत नाही, वर्षभर वाढवलेला वेल आणि उरतो वीतभर. पण त्यातून ज्या फुटी येतात त्यातली सगळ्यात जोमदार एकच ठेवायची, बांबूला बांधत सरळ वर न्यायची, बगलेतल्या फुटी काढत जायचं, पानं मात्र ठेवायची कारण खोड जाड त्यांनीच होतं. इथे ऑक्सिनचा धाक आपल्या बाजूने वापरायचा असतो, शेंडा राखायचा, म्हणजे तो बाकीच्यांना दाबून सरळ वर जातो.

वेल मांडवाच्या तारेजवळ पोचला की खेळ उलटा करायचा. तारेच्या अर्धा-पाऊण फूट खाली शेंडा खुडायचा, वरच्या दोन फुटी निवडायच्या, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, हे ओलांडे. ओलांडा एका दमात लांबवायचा नाही. नऊ-दहा पानं झाली की सहा-सातवर खुडायचं, थांबायचं, त्यातून येणाऱ्या काड्या वर उभ्या करायच्या आणि टोकाची एक फूट पुढे न्यायची, परत तसंच. याला थांबा आणि पुढे चला म्हणतात. घाई करून ओलांडा एकदम सहा फूट पळवला तर टोकाला काड्या येतात आणि मधे हात हात जागा मोकळी राहते, आणि ती मोकळी जागा पुढे कितीही वर्षं भरून निघत नाही. आमच्या एका प्लॉटात दोन ओळींना असं झालं होतं, त्या वर्षी आबा आजारी होते आणि खुडणी वेळेवर झाली नाही, ती मोकळी तार मी कॉलेजला जाईपर्यंत तशीच बघितली.

द्राक्षाच्या बगलेत खरं तर दोन प्रकारचे डोळे असतात. एक लगेच फुटतो, ती बगलफूट. दुसरा जाडसर, तो पुढच्या छाटणीपर्यंत झोपतो आणि त्याच्या आतही तीन कोंब असतात. मधला मुख्य मेला तर बाजूचा उठतो, पण त्याला घड कमी किंवा नसतोच, म्हणून डोळा सांभाळायचा. आपल्या हवेत वेल थंड देशांसारखा पूर्ण झोपत नाही, त्यामुळे दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ओलांड्यावर एकेक डोळा ठेवून सगळं काढायचं आणि काड्या तयार करायच्या. मग सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी, त्याच काड्यांवर फळासाठी. एप्रिलनंतरच्या दीड-दोन महिन्यांत डोळ्यात घड ठरतो, म्हणून तेव्हा काड्यांवर ऊन पडलं पाहिजे, गर्दी केली तर पुढे नुसत्या वांझ फुटी. त्या काळात काडी दहा-बारा पानांची झाली की सात-आठवर खुडतात, त्यातून टोकाला जी बगलफूट येते तिला सबकेन म्हणतात, आणि तिच्या गाठीजवळचे डोळे चांगले घड देतात. शेंडा खुडणं म्हणजे वाढ थांबवणं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ही गाठ हातात घेऊन बघावी.

ओलांड्यावरून आणखी एक युक्ती घरी घेता येते. काडी आडवी केली की शेंड्याचा धाक ढिला पडतो आणि अख्ख्या लांबीवर डोळे उठतात. वेली गुलाब, बोगनवेल, जाई यांच्या लांब फांद्या सरळ वर बांधल्या तर फुलं फक्त टोकाला, त्याच फांद्या ग्रिलवर आडव्या बांधा आणि बघा, पेरापेराला फुटतील. वाकवताना एकदम नाही, दोन-तीन दिवस थोडं थोडं, सकाळी काडी ताठ असते आणि मोडते, दुपारनंतर लवचिक होते.

आणि शेंडा अजिबात कापायचाच नसेल, पण खोडावर ठरावीक जागी एक फांदी हवी असेल, उदाहरणार्थ रबर प्लांट किंवा अंजीर, तर त्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर सालीत अर्धचंद्रासारखी खाच घ्या, लाकडाला टेकेपर्यंत, आणि तेवढी सालीची पट्टी काढा. वरून येणारा निरोप तिथेच अडतो आणि खालचा डोळा उठतो. खाच डोळ्याच्या वरच पाहिजे, खाली घेतली तर उलटा परिणाम होतो. चीक वाहतो तो ओल्या फडक्याने पुसा, आपल्या स्वतःच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका.

एकच खोड चांगलं असंही नाही. सटाणा, मालेगाव, देवळ्याकडे डाळिंबाला मुद्दाम तीन-चार खोडं ठेवतात, कारण खोडाला भोकं पाडणारी अळी लागली आणि खोड एकच असलं तर अख्खं झाड जातं, चार असली तर तीन वाचतात. अंगणात डाळिंब असेल तर तुम्हीही तेच करा.

काही झाडांचा शेंडा मात्र चुकूनही कापायचा नाही. नारळ आणि सुपारीला वरचा एकच कोंब, बगलेत फांदीचे डोळे नसतातच, तो गेला की झाड गेलं. नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून मिळतं त्याचाही नको, त्याच्या बाजूच्या फांद्या आडव्या वाढायलाच बनलेल्या असतात, शेंड्याची जागा त्या घेत नाहीत आणि त्या थरांचा घाट कायमचा बिघडतो. त्याच कारणाने त्याच्या बाजूच्या फांदीचं कलम लावलं तर रोप उभं न राहता लोळतं.

खुडलेले शेंडे फेकू नका. तुळस, शेवंती, पुदिना, गुलाब यांचे चार-पाच इंचाचे तुकडे घ्या, खालची पानं काढा, वरची दोन-तीन ठेवा आणि ओलसर वाळू-कोकोपीटमध्ये सावलीत खोचा. इथे पण तोच ऑक्सिन कामाला येतो, शेंड्यातून खाली येऊन कापलेल्या टोकाशी साचतो आणि तिथे मुळं काढतो. म्हणून काडी उलटी लावायची नाही, खालचं टोक खालीच. पानं नसलेल्या काड्यांत हे कळत नाही, आबा द्राक्षाच्या काड्या करताना खालचं टोक सरळ आणि वरचं तिरकं कापायचे, म्हणजे जुडीतून काढताना घोळ व्हायचा नाही. तुळस आणि पुदिना दोन आठवड्यांत धरतात, शेवंतीला तीन लागतात, गुलाबाला महिना-दीड महिना. मधे उपटून मुळं आली का बघू नका, वर नवीन पान आलं की समजायचं खाली मुळं आहेत.